आईच्या आधी आलेल्या रेघा

आमच्या घरात अर्जापेक्षा लांब असं काही याआधी कुणी लिहिलेलं नाही. त्यामुळे मला हे नीट जमेल का, शंकाच आहे. पण बरं होताना आपलं काहीतरी हातातून निसटतंय असं वाटणारं कुणीतरी कुठेतरी औषधाची पट्टी हातात धरून बसलं असेल. हे सांगायचं तरी कुणाला, सगळे तर पेढे मागतायत, असंही त्याला वाटत असेल. त्याच्यासाठी लिहिते आहे.

मी पालीची, राजगडाच्या पायथ्याच्या पालीची. आई होती तेव्हा शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्या पुण्याच्या मुलांना ती पिठलं-भाकरी करून घालायची. मी बारावीत असताना ती काविळीनं गेली. घरात आबा, म्हणजे माझे वडील, एकटे राहिले. मी भोरच्या कॉलेजात नाव घातलं आणि मावशीकडे राहू लागले. मावशी आईची धाकटी बहीण, भोरमध्ये अंगणवाडीत मदतनीस. मूलबाळ नाही, त्यामुळे तिचा सगळा जीव माझ्यावर.

पहिल्यांदा

सुट्टीला घरी निघाले होते. भोर-वेल्हे गाडी मार्गासनीला थांबली आणि मला वास आला, भाकरी करपल्याचा. खिडकीतून आला असेल म्हणून मी बाहेर पाहिलं. तेवढ्यात कळलं की माझ्या डाव्या बाजूला, जरा मागे, आई उभी आहे.

ती मला दिसली नाही, हे मी पुढे डॉक्टरांनाही सांगितलं. पण घरात आपण अभ्यास करत असताना पाठीमागून कोण गेलं, हे जसं न बघता समजतं, तसं समजलं. छातीत काहीतरी उबदार भरून आलं. इतकं बरं मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं. वळून बघायला हवं, असंही वाटलं नाही. ती होतीच.

त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी एका अनोळखी बाईच्या मांडीवर होते, कुणीतरी नाकाशी फोडलेला कांदा धरला होता आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता. जीभ चावली गेली होती. कंडक्टर म्हणत होते, "आवो, कुणाची पोरगी ही? गाडी दवाखान्याकडं घ्यायची का फुडं न्ह्यायची, काय त्ये ठरवा लवकर."

जिची मांडी होती ती बाई म्हणाली, "घोडं लागलंय का तुमच्या मागं? पोरीला श्वास तर घिऊ द्या."

मला त्या बाईचं नाव कळलं नाही. तिच्या लुगड्याला माझ्या तोंडातलं रक्त लागलं होतं.

शेजार

त्यानंतर असं होत राहिलं. वर्गात झालं, नळावर झालं, मावशीच्या अंगणवाडीत मुलांसमोर झालं. दर वेळी आधी वास, मग आई, मग अंधार.

पालीत शेजारच्या काकींनी दोन दिवसांत निदान करून टाकलं. दारात उभ्या राहून आबांना म्हणाल्या, "आरं सुजीच्या बा, पोरीला भायेरचं हाय. तिच्या आयचा जीव अडाकलाय तिच्यात. नारळ उतरून टाक एक."

आबा खुरपं घासत होते. मान वर न करता म्हणाले, "नारळ आसंल तर हिकडं द्या काकी, चटणी करू. पोरीला पुण्याला न्हेनार हाय म्या."

आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीला सोडले होते. भूत, वारं, उतारा, हे शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हते. आबा शिकलेले नाहीत, पण या बाबतीत कडक. आई गेली त्या दिवशी मला जवळ घेऊन ते म्हणाले होते, "मेलेलं मानूस परत येत न्हाई पोरी. रड, पन वाट बगू नगंस."

त्यामुळे मी गप्प बसले. काकींना सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. आबांना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की कॉलेजात घातलेली पोरगीही शेवटी तिकडेच गेली. चक्कर येते, एवढंच मी सगळ्यांना सांगत राहिले. आणि खरं सांगायचं तर, ते माझं होतं. वाटून घ्यायची इच्छा नव्हती.

निदानाचा दिवस, जो आलाच नाही

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याला तारा लावून मेंदूचा कागद काढतात. त्याला ईईजी म्हणतात, एवढंच मला तेव्हा समजलं. मला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितलं, पुढे एक दिवा लुकलुकवला. कागद स्वच्छ निघाला.

बाहेर बाकावर बसलेल्यांमध्ये सगळ्यांचे चेहरे काळजीचे. मी मात्र मनातून हसत होते. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की कागदावर दिसलं तर आजार, आणि नाही दिसलं तर आई.

डॉक्टर मॅडमचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी आबांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "झटका यायच्या आधी काय होतं? अगदी आधी."

त्यांनी घाई केली नाही. मी टेबलावरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मला इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्यासारखं सांगणारे मला आधीही भेटलेत. पण हे मेंदूच्या झटक्याचं आहे की दुःखाचं, ते कळल्याशिवाय मी तुला पूर्ण औषध देणार नाही. नुसत्या दुःखानंही माणूस असा पडतो."

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेत प्रयोग चालू आहेत. डोळ्यांवर एक यंत्र चढवतात. त्यात कॉम्प्युटरने काढलेली जागा दिसते, आणि माणसाला आपण त्या जागेतच आहोत असं वाटतं. तिथे भीती वाटेल, आनंद होईल, रडू येईल असं काही दाखवतात आणि त्याच वेळी मेंदूच्या रेघा घेतात. नुसतं आडवं पडून जे दिसलं नाही ते तिथे दिसेल कदाचित. जबरदस्ती नाही.

मी हो म्हणाले. तिथेही कागद स्वच्छ निघेल आणि मग कुणी काही विचारणार नाही, असं मला वाटत होतं.

तेल

मावशी बरोबर आली. आदल्या दिवशी तिनं माझ्या डोक्यावर बचकभर खोबरेल घातलं आणि दोन वेण्या अशा आवळल्या की भुवया वर गेल्या. "मोठ्या मोठ्या लोकांत चाललीस. झिपऱ्या सोडून जायाचं का?"

तारा लावणारे सलीमभाई कापूरहोळचे निघाले. आम्ही भोरहून आलो म्हटल्यावर खुश झाले. "मंग गाववालीच की! ये बस." पण पहिली तार लावली, ती घसरली. दुसरी घसरली. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, तो पिवळाधमक झाला.

"ताई, डोस्क्यात तेलाचा घाणा काढलाय का काय?"

मावशी चिडली. "आमच्यात बिनतेलाचं डोकं घिऊन कोन भायेर पडतं वो? घरात कुनी मेलंय का?"

बोलून गेली आणि मग पदर सावरत बसली.

सलीमभाईंनी मान खाली घातली. हळू म्हणाले, "तसं न्हाई मावशी. तेलावर चिकाट बसत न्हाई. शिकेकाईनं धुवा, लखलखीत कोरडं करा, मंग या. माजी अम्मी बी तुमच्यासारकीच, तेल लावल्याबिगर सोडत न्हाई कुनाला."

त्या दिवशी तसंच परत आलो.

पुढच्या खेपेच्या सकाळी मावशीनं माझं डोकं धुतलं. केस पुसून मोकळे सोडले आणि टॉवेल हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"ताई गेली तवा असंच तुजं डोकं कोरडं ठेवलं हुतं," ती म्हणाली. "मला बगवत न्हाई गं." त्या दिवशी तिनं अंगणवाडीची सबब सांगितली आणि ती आली नाही. आबा आले.

यंत्राच्या आत

आबांनी शर्टाच्या खिशातून आईचा फोटो काढला. तिचा तेवढा एकच धड फोटो होता. गडावर आलेल्या कुणा मुलानं काढून पुढच्या वेळी आणून दिलेला. चुलीपुढे बसलेली आई, हसू लपवायला तोंडावर पिठाचा हात धरलेला.

"साहेब," आबा सलीमभाईंना म्हणाले, "ह्यो फोटू त्या मशिनीत घालता यील का?"

सलीमभाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "कशासाठी?"

आबा अडखळले. "न्हाई… म्हंजे पोरीला बरं वाटंल."

मॅडमनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "हरकत नाही. उलट उपयोगच होईल." त्या यंत्रात एका स्वयंपाकघराचं चित्र होतं. सलीमभाईंनी फोटो स्कॅन करून त्या घराच्या भिंतीवर लावला.

तारांची टोपी, त्यावर ते जड यंत्र. आत दुसऱ्यांच्या घामाचा आणि स्पिरिटचा वास. चित्र खेळण्यातल्यासारखं होतं. मान वळवली की भिंती जरा उशिरा वळायच्या. हातात एक बटण दिलं होतं. वास आला की लगेच दाबायचं.

आधी एक बाग होती, फुलपाखरं वगैरे. मग खोल दरीवरचा झुलता पूल आला. मी म्हणाले, "सलीमभाई, मी राजगडाखाली वाढले. मला दरी काय दाखवताय?"

"आसं व्हय? मंग पाय का लटलट कापायलेत?" ते म्हणाले. मी खाली बघायला गेले तर मला माझे पाय दिसेनात. तिथे फक्त दरी होती. मग मीही हसले. त्या सगळ्या काळात मनापासून हसल्याचं हे एकच आठवतं.

मग स्वयंपाकघर आलं. ओटा, खिडकी, आणि भिंतीवर आई. फोटो मोठा केल्यामुळे फुटल्यासारखा झाला होता, तरी पिठाचा हात ओळखू येत होता. मला रडू फुटलं. यंत्र डोळ्यांवर घट्ट असल्यामुळे पाणी आतच साचलं. सलीमभाई कुठून तरी लांबून म्हणाले, "रडा, खुशाल रडा. फकस्त डोस्कं हालवू नका." मी वाट पाहत होते. वास आला नाही. डावी बाजू रिकामीच होती. आईचा फोटो समोर असताना आई आली नाही, हे मला फार विचित्र वाटलं.

शेवटी एक मोकळी पायवाट होती, दोन्ही बाजूंनी गवत. त्यात काहीच घडत नव्हतं. रडून झाल्यावर माणसाला शांत करायला ते दाखवत असावेत. मी चालत होते, आणि वास आला. भाकरी करपत होती. मी बटण दाबलं. आई डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच वळले. काय झालं मला कळत नाही. कदाचित तिथे सगळं खोटंच होतं म्हणून धीर झाला असेल. डावीकडे मान फिरवली. तिथे चित्र संपलं होतं. नुसता राखाडी रंग होता. आणि तरीही ती तिथे होती.

पुढचं मला आठवत नाही.

रेघा

शुद्ध आली तेव्हा आबा माझे पाय चोळत होते. नंतर मॅडमनी आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं. पेन्सिलीचं टोक रेघांवर ठेवून सांगितलं, "हे बघ, इथे तू फोटो बघितलास आणि रडलीस. हे दुःख आहे. कुठल्याही मुलीचं असेल तसं. यात आजार काही नाही."

मग पुढे सरकल्या. तिथे रेघा अशा उठल्या होत्या, जशा गवतातून काहीतरी धावत गेल्यावर उठतात.

"आणि हा झटका. इथे तू बटण दाबलंस."

मी बघितलं. बटणाची खूण पुढे होती. रेघा तिच्या मागे, कितीतरी आधी सुरू झाल्या होत्या.

"रेघा आधी आल्यात," मी म्हणाले.

"हो. आधी आल्यात. तो भाकरी करपल्याचा वास त्यांच्यामुळे आला. आणि…" त्या थांबल्या.

"आणि आई," मी म्हणाले.

 मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो उजवा खांदा होता. असलं काही तेव्हा लक्षात राहतं.

आबांनी विचारलं, "म्हंजे रोग हाय?"

"हो. पण औषध आहे त्यावर. झटके थांबतील."

"आन मंग त्ये… वास आन त्ये?"

"तेही थांबेल."

आबांनी हात जोडले. मला वाटलं, यांना आनंद झाला. यांचंच खरं निघालं.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे बसले होते. घाट उतरला, नसरापूर मागे पडलं. मग रस्त्याकडेच बघत म्हणाले, "भाकर करपल्याचा वास यितो म्हनं?"

"व्हय."

"तिची कंदी करपत नव्हती."

"फोनवर, आपलं, कुणाशी बोलत बसली की करपायची," मी म्हणाले. फोन तर आमच्याकडे नव्हताच. माझं डोकं अजून ताळ्यावर नव्हतं.

"व्हय. दारात कुनाशी बोलत बसली की." ते किंचित हसले. मग विचारलं, "बोलती का गं काई?"

"न्हाई आबा. नुसती उभी ऱ्हाती."

"रागात?"

"न्हाई."

त्यांनी मान हलवली. चेहरा खिडकीकडेच होता. म्हणाले, "माज्याकडं कंदीच आली न्हाई."

गोळ्या

गोळ्या लागू पडल्या. सुरुवातीला जीभ जड व्हायची, वर्गात शब्द सापडायचे नाहीत, दुपारी बाकावरच डोळा लागायचा. मॅडमनी मात्रा कमी-जास्त करून ते बसवलं. हे अंगवळणी पडतं. कुणी घाबरून मध्येच बंद करू नये. आणि कुणी पडलं तर कांदा, चप्पल, किल्ल्या काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आणि ती अनोळखी बाई बसली होती तसं कुणीतरी जवळ बसा. बाकी मला वैद्यकातलं काही सांगता येणार नाही.

शेवटी एकदा नुसता वास आला, अर्धवट, आणि माझ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच विरला. मी पुस्तक मिटून डावीकडे जागा करून बसले. काही झालं नाही. त्यानंतर वासही आला नाही.

सगळ्यांना आनंद झाला. मावशीनं पेढे वाटले. पालीच्या काकी म्हणाल्या, "गुन आला का न्हाई? तुज्या बाला न सांगता म्याच उतरला हुता नारळ." मी त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार?

मॅडम म्हणाल्या होत्या की फोटो बघून येतं ते दुःख माझं आहे, ते गोळीनं जाणार नाही. त्यांचं खरं निघालं. ते आहे. पण दुःखात आई गेलेली असते आणि झटक्यात ती आलेली असायची, आणि मला तर आलेलीच आई हवी होती. रेघा आधी आल्या, हे मला समजलं आहे. मी शिकते आहे, मला पटलंही आहे. पटल्यानं काही कमी होत नाही, एवढंच.

एकदा सुट्टीत मी मुद्दाम तव्यावर भाकरी ठेवून दिली. करपली. तोच वास. डाव्या बाजूला भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली परात. बाहेर गोठ्यात असलेले आबा उंबऱ्यापर्यंत आले, आत बघितलं आणि परत गेले.

आईचं वर्ष आलं तेव्हा आम्ही घरी पुण्यानुमोदन ठेवलं. वंदना झाली, माणसं जेवून गेली, मावशी भांडी आवरून सांजच्या गाडीला गेली. पालीला असले की माझी गोळी आबाच देतात. कॉलेजच्या नादात पोरगी विसरेल म्हणून ती पट्टी त्यांनी आपल्याकडे ठेवलेली असते. दिवेलागणीला ते गोळी घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले. मूठ मिटलेली होती.

मी हात पुढे केला. त्यांनी मूठ उघडली नाही.

"सुजे," ते म्हणाले, "आजच्या दिस…"

 मला सगळं कळलं. ज्यांनी आयुष्यात एक नारळ उतरू दिला नाही, ते माझे आबा माझ्याकडे काय मागत होते, ते कळलं. मलाही तेच हवं होतं. एक दिवस. एक दिवस गोळी चुकली तर काय होतं, असं माझ्या मनात आलं. आणि त्याच वेळी ते अंगणवाडीतल्या मुलांचे भेदरलेले चेहरे आठवले, चावलेली जीभ आठवली, माझे पाय चोळणारे त्यांचेच हात आठवले.

"द्या आबा," मी म्हणाले.

त्यांनी मूठ उघडली. गोळी घामानं विरघळायला लागली होती, तळहाताच्या रेषांत तिची पांढरी भुकटी बसली होती. मी ती उचलून तोंडात टाकली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्याले.

मग ते उठले नाहीत. मीही उठले नाही. चुलीत निखारे होते, तोवर आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. कुणी आलं नाही.